फ्लॅट एक, खिडक्या अनेक

कोथरूडमधला जुना दोन बेडरूमचा फ्लॅट घ्या. करारनाम्यात त्याची एक किंमत. रेडी रेकनरमध्ये, म्हणजे सरकारी दरपत्रकात, दुसरी. बँकेच्या व्हॅल्युअरने लिहिलेली तिसरी. महापालिकेच्या बिलावर किंमत नसतेच. असते ती वार्षिक करपात्र रक्कम, म्हणजे हा फ्लॅट भाड्याने दिला तर वर्षाला काय मिळेल याचा पालिकेने धरलेला आणि बाजाराशी फारशी ओळख न ठेवणारा आकडा. फ्लॅट २००१ पूर्वीचा असेल तर विकताना पाचवा आकडा निघतो, १ एप्रिल २००१ ची वाजवी किंमत. पाचही कायदेशीर, पाचही एकाच वेळी खरे. आणि "गुंतवणूक म्हणून एक टाकून ठेवलाय" असं म्हणणाऱ्या पुणेकराच्या डोक्यात सहावाच आकडा असतो: शेजारच्या सोसायटीत गेल्या महिन्यात गेलेला भाव. कर त्या सहाव्यावर कधी लागत नाही. त्यामुळे कराचं बोलणं सुरू झालं की समोरच्याला वाटतं, हा माणूस भलत्याच फ्लॅटबद्दल बोलतोय.

*

मुद्रांक शुल्क पुणे शहरात ७ टक्के. त्यात ५ मूळचे, १ टक्का मेट्रोचा अधिभार (१ एप्रिल २०२२ पासून) आणि १ टक्का एलबीटीचा, म्हणजे स्थानिक संस्था कराचा. पुण्यात २०१३ मध्ये जकात गेली आणि एलबीटी आला. व्यापाऱ्यांनी बंद पाळले, मोर्चे काढले. २०१५ मध्ये बहुतेकांची त्यातून सुटका झाली आणि जीएसटी आल्यावर उरलेलाही गेला. पण दस्तावरचा टक्का अजून त्याच नावाने ओळखला जातो. ८० लाखांच्या फ्लॅटवर तो ८०,००० होतो, आणि कोणी मोर्चा काढत नाही. घर घेणारा माणूस आयुष्यात एकदोनदाच त्या खिडकीशी जातो. रोज जाणाऱ्यांनाच संघटना असते.

*

शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनर यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. रेडी रेकनर ठरवणारं नोंदणी महानिरीक्षकांचं कार्यालय पुण्यातच, तरी दर १ एप्रिलला पुणेकर मुंबईहून काही यायचं असल्यासारखी वाट पाहतो. २०२५ मध्ये पुणे महापालिका हद्दीत सरासरी वाढ ४.१६ टक्के झाली, पिंपरी-चिंचवडमध्ये ६.६९. सरासरीला अर्थ नाही. आपल्या सर्व्हे नंबरचा दर किती हे पाहावं. ते वेबसाइटवर घरबसल्या दिसतं.

*

बायकोच्या नावावर घेतलं तर १ टक्का कमी. ही सवलत १ एप्रिल २०२१ पासून आहे, आणि पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही ही त्यातली अट २०२३ मध्ये काढली. खरेदीदार फक्त स्त्री हवी. सोबत नवऱ्याचं नाव घातलं की सवलत गेली.

इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढचं कोणी विचारत नाही. पैसे नवऱ्याचे असतील तर त्या फ्लॅटचं भाडं प्राप्तिकराच्या हिशेबात नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. विकला तर नफाही त्याचाच. दुय्यम निबंधकाच्या टेबलावर मालकीण ती, आयकरवाल्यांच्या पडद्यावर मालक तो. दोघंही आपापल्या कायद्याने बरोबर. सुनेच्या नावावर काही करून द्यायला निघालेल्या सासूसासऱ्यांनाही हाच नियम लागू आहे, हे सांगितलं की माझ्या ऑफिसात थोडा वेळ कोणी बोलत नाही.

*

पुण्यातला कुठलाही दस्त हातात घ्या. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात चौकटीचा शिक्का: ह व ल, त्याखाली कार्यालयाचा क्रमांक, दस्ताचा क्रमांक, पान इतकं पैकी इतकं, वर्ष. घर कोथरूडचं असो की खराडीचं, शिक्का हवेलीचा, कारण शहर गिळून बसलं तरी नोंदणीच्या कागदावर अजून हवेलीच आहे. शेवटच्या पानांवर फोटो आणि अंगठे. फोटोत सगळे दचकल्यासारखे दिसतात, ओळख पटवायला आलेला एजंट सोडून. तो दिवसातून वीस वेळा तिथे उभा राहतो.

पण कामाचं पान वेगळंच असतं, इंडेक्स टू. एका पानात सगळं: मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, देणारा, घेणारा, भरलेलं शुल्क. दहा-पंधरा वर्षांनी विकताना कॅपिटल गेनचा हिशेब या पानापासून सुरू होतो. लोक अख्खा दस्त लॉकरमध्ये ठेवतात आणि मुद्रांक, नोंदणी, दलालीच्या पावत्या रद्दीत घालतात. त्या पावत्या खरेदीच्या किमतीत मिळवता येतात. ८० लाखांच्या फ्लॅटला मुद्रांक आणि नोंदणी मिळून ५,९०,००० होतात. हे खरेदीत धरायचं राहिलं तर तेवढा नफा कागदावर उगाच फुगतो.

*

आता ४० टक्क्यांची गोष्ट. पुण्यात राहणाऱ्याला ही पुराणकथेसारखी पाठ असते, गुंतवणूकदाराला बहुधा नसते.

मालक स्वतः राहत असेल तर करपात्र रकमेत ४० टक्के सवलत, ही पुणे महापालिकेची १९७० पासूनची पद्धत. मुंबईला नाही, पुण्याला आहे, म्हणून अभिमानाचीही. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, राज्य सरकारने सवलत मोडीत काढली, आणि १ एप्रिल २०१९ पासून नव्याने आकारणी झालेल्या घरांना ती मिळेनाशी झाली. एकाच सोसायटीत ए विंगला सवलत, मागाहून झालेल्या सी विंगला नाही. भांडणाला आणखी काय हवं? २०२३ मध्ये, कसबा पोटनिवडणुकीच्या आगेमागे सगळ्या पक्षांना एकदम पुणेकरांची कणव आली आणि सवलत परत आली. मात्र देखभालीपोटीची वजावट १५ टक्क्यांवरून १० वर आली. पुणेकराने मिळालेलं मोजलं, गेलेलं फारसं मोजलं नाही.

सवलत परत आली ती पीटी-३ या अर्जावर. मी स्वतः इथे राहतो, हे सिद्ध करा: सोसायटीचं पत्र, मतदान ओळखपत्र किंवा पासपोर्ट किंवा गॅसकार्ड असं काहीतरी. शिवाय एक ओळ अशी की पुणे शहरात दुसरी मिळकत असल्यास तिच्या बिलाची प्रत जोडा. गुंतवणुकीचा सगळा विषय त्या एका ओळीत आहे. ज्याचा एकच फ्लॅट आहे त्याला ती दिसतही नाही. ज्याचे तीन आहेत तो पेन खाली ठेवतो.

भाड्याने दिलेल्या फ्लॅटला ही सवलत नाही. हिशेब सोपा आहे: ६० वर लागणारा कर १०० वर लागतो, म्हणजे बिल एकदम दोन तृतीयांशाने वाढतं. दलाल भाड्याचं उत्पन्न सांगतो तेव्हा मालक स्वतः राहत असतानाचं बिल दाखवतो. खोटं नाही ते. फक्त तो फ्लॅट भाड्याने दिला की ते बिल तसं राहत नाही.

*

मिळकतकर थकला तर महिन्याला २ टक्के शास्ती. वर्षाला २४. क्रेडिट कार्ड सोडलं तर एवढं महाग कर्ज पुण्यात सुखासुखी मिळत नाही. आणि मेअखेरपर्यंत भरला तर सर्वसाधारण करात ५ किंवा १० टक्के सूट. परदेशात राहणाऱ्यांच्या बंद फ्लॅटची बिलं दाराच्या फटीतून आत पडतात आणि तिथेच राहतात.

*

लिव्ह-लायसन्स. अकरा महिन्यांचं केलं की नोंदणी लागत नाही, ही महाराष्ट्रात चुकीची समजूत आहे, दुसऱ्या राज्यातून आलेल्या भाडेकरूंबरोबर आलेली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि जबाबदारी मालकाची. खर्च किती? महिना २५,००० भाडं, १ लाख डिपॉझिट, ११ महिने, तर मुद्रांक साधारण ७०० रुपये आणि नोंदणी १,०००. एवढ्यासाठी लोक शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून मोकळे होतात आणि भाडेकरू जाईना झाला की वकिलाकडे धावतात.

सोसायटीही हात धुऊन घेते: नॉन-ऑक्युपन्सी चार्ज. पण सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे राज्य सरकारने २००१ सालीच ठरवून दिलंय. भाडेकरूमुळे लिफ्ट जास्त झिजते, हा युक्तिवाद दर वार्षिक सभेत नव्याने होतो.

*

भाड्यावरचा प्राप्तिकर. वर्षाचं भाडं ३ लाख. त्यातून भरलेला मिळकतकर वजा (भरलेला, बिल आलं म्हणून वजा होत नाही, आणि भाडेकरूने भरला तर मुळीच नाही). समजा १८,०००. उरले २,८२,०००. त्याचे ३० टक्के सरसकट वजा, दुरुस्तीला एक पैसाही गेला नसला तरी. उरले १,९७,४००. आता कर्जाचं व्याज. नव्या फ्लॅटला ते सहज ४,५०,००० असतं.

जुन्या करप्रणालीत तोट्यातले २ लाख पगारातून वळते होतात, बाकीचे पुढच्या आठ वर्षांत घरभाड्याच्याच उत्पन्नातून. नव्या करप्रणालीत भाडं शून्यावर येतं आणि तिथेच थांबतं. पगाराला त्याचा स्पर्श होत नाही. "दुसरा फ्लॅट घे, टॅक्स वाचतो" हा सल्ला देणारे काका अजून २०१६ सालात आहेत. तेव्हा तोट्याला २ लाखांची मर्यादाही नव्हती. आजच्या आयटीतल्या मुलाने नवी प्रणाली निवडलेली असते, काकांचा सल्ला मात्र जुनाच घेतलेला असतो.

*

बंद फ्लॅट. पुण्यात ही स्वतंत्र जात आहे. मुलगा परत आला तर, मुलीचं लग्न झालं तर, "भाडेकरूंची कटकट नको" म्हणून. स्वतःसाठी ठेवलेली दोन घरं प्राप्तिकरात शून्य धरता येतात. तिसरं बंद असलं तरी भाड्याने दिलंय असं समजून कर लागतो. न मिळालेल्या भाड्यावर. ऐकणाऱ्याला हा अन्याय वाटतो. मला तितका वाटत नाही. ज्या शहरात पोरं एका खोलीत चौघं राहतात तिथे तिसऱ्या कुलपाला काहीतरी किंमत असावी.

*

२३ जुलै २०२४. फाळणीची तारीख. त्या दिवशीच्या अर्थसंकल्पाने विक्रीच्या नफ्यावर महागाईचा निर्देशांक लावून २० टक्के ही पद्धत काढली आणि निर्देशांकाविना १२.५ टक्के आणली. ओरड झाली. मग ऑगस्टमध्ये सरकारने एक दार ठेवलं: त्या तारखेआधी घेतलेल्या जमिनी-घरांना, निवासी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर, दोन्हींपैकी कमी कर येईल तो.

कोणाला काय परवडतं? दोन फ्लॅट मांडून पाहू, दोन्ही २०२५-२६ मध्ये विकलेले. निर्देशांक ३७६.

पहिला कोथरूडचा, २००४-०५ मध्ये १२ लाखांना घेतला, ९५ लाखांना विकला. तेव्हाचा निर्देशांक ११३. जुन्या रीतीने खरेदी फुगून ३९.९३ लाख होते, नफा ५५.०७, कर सुमारे ११ लाख. नव्या रीतीने नफा ८३ लाख, कर १०.३८ लाख. निर्देशांकासाठी एवढे अश्रू ढाळले, आणि कमी कर नव्याच रीतीने.

दुसरा हिंजवडीकडचा, २०१३-१४ मध्ये ६० लाखांना घेतला, तेजीच्या शेपटाला धरून. नंतर कित्येक वर्षं भाव हलले नाहीत. आता ९० लाखांना गेला. तेव्हाचा निर्देशांक २२०. जुन्या रीतीने खरेदी १०२.५ लाख, म्हणजे तोटाच, कर शून्य. नव्या रीतीने ३० लाख नफा, कर ३.७५ लाख. (सेस वगैरे वेगळं.) महागाई धरली तर या माणसाने बारा वर्षांत पैसे घालवले, हे निर्देशांकाला कळत होतं. २३ जुलैनंतर घेतलेल्या फ्लॅटांच्या बाबतीत ते कोणालाच कळणार नाही.

आणि हाच दुसरा फ्लॅट न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलाच्या नावावर असेल तर? ते ठेवलेलं दार अनिवासी भारतीयांसाठी नाही. ३.७५ लाख भरायचे. शिवाय खरेदीदाराने नुसत्या नफ्यावर नाही, मोबदल्यावर टीडीएस कापायचा, विक्रेत्याने आधी अर्ज करून कमी दराचा दाखला आणला नसेल तर. दाखल्याला वेळ लागतो, मुलगा सुट्टीवर तीन आठवडे आलेला असतो, आणि खरेदीदाराला हे कळलं की तो भाव पाडतो. पुण्यात वडिलांनी हौसेने मुलाच्या नावावर घेतलेले बरेच फ्लॅट आता या कचाट्यात आहेत. स्वतःच्या नावावर ठेवून मृत्युपत्र केलं असतं तर? विचारू नये.

*

५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं घर निवासी विक्रेत्याकडून घेतलं तर १ टक्का टीडीएस खरेदीदाराने कापायचा, त्याचा फॉर्म भरून. नवरा-बायको खरेदीदार आणि दोन भाऊ विक्रेते असतील तर चार फॉर्म. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत हप्त्यागणिक. दहा डिमांड लेटर, दोन खरेदीदार: वीस फॉर्म. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. प्रत्येकाचा हिस्सा ५० लाखांच्या आत आहे म्हणून सुटण्याची वाट ऑक्टोबर २०२४ पासून बंद झाली.

*

१ टक्का जीएसटीच्या परवडणाऱ्या घरासाठी किंमत ४५ लाखांपर्यंत, आणि चटई क्षेत्र महानगरात ६० चौरस मीटर, इतरत्र ९०. महानगरांच्या यादीत मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद. पुणे नाही. वनाझहून रामवाडीला मेट्रो जाते, तिचा अधिभार दस्तावर लागतो, पण जीएसटीच्या लेखी पुणे मेट्रो नाही; आणि इथे तक्रारही करता येत नाही, कारण ९० मीटर सोयीचेच आहेत. अडचण एवढीच की ४५ लाखांत ९० मीटर आता शहराच्या कडेला गेल्याशिवाय दिसत नाहीत. बाकी बांधकाम चालू असलेल्या घरांना ५ टक्के. भोगवटा पत्र आल्यावर घेतलं तर जीएसटी नाही, म्हणून भाव वाढलेला असतो.

*

रोखीचा भाग. "साठ-चाळीस" वगैरे बोली आता कमी ऐकू येते, संपलेली नाही. २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड, २०१५ पासून. पण मला यातला दुसरा भाग मजेचा वाटतो. विक्रेत्याने रोखीत घेतलेला नफा लपतो, नाहीसा होत नाही. तो खरेदीदाराच्या मानेवर बसतो. कारण खरेदीदाराची कागदावरची किंमत कमी, आणि पुढे तो पूर्ण पांढऱ्यात विकायला गेला की आधीच्या मालकाचाही कर तोच भरतो. हे समजावून सांगितलं की लोक म्हणतात, "मग मीही पुढच्याला तसंच देईन." साखळी अशीच चालते.

*

वाडा. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतले मालक कागदावर श्रीमंत, भाडेकरूंकडून महिन्याला दोन आकडी भाडं घेणारे. मुंबई भाडे कायद्याने प्रमाणित भाडं १९४० च्या आसपासच्या पातळीवर गोठवलं होतं, आणि करपात्र रक्कम त्या भाड्यापलीकडे नेता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं. म्हणून वाड्यांचा करही जुनाच राहिला. वाडा विकसकाला दिला की एकदम कोटींचा व्यवहार आणि खरेदीची किंमत शोधायला जावं तर आजोबांच्या बक्षीसपत्रात रुपये-आणे. तिथे १ एप्रिल २००१ ची किंमत कामाला येते. ती मनाला येईल ती धरता येत नाही. २०२० पासून त्या दिवसाच्या मुद्रांक मूल्याची कमाल मर्यादा आहे, ते उपलब्ध असेल तर. म्हणून २००१ च्या रेडी रेकनरचं पुस्तक बाळगणारा व्हॅल्युअर पेठांत वैद्यासारखा शोधला जातो.

*

पुनर्विकास. गुंतवणूकदार नसलेल्या माणसालाही हा विषय गुंतवणूकदार करून टाकतो. १९८० च्या दशकातल्या सोसायट्या, कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर, सगळीकडे पत्रे लागलेले. सभासदाला मिळतं काय? नवा फ्लॅट, जास्तीचं क्षेत्र, बांधकाम होईपर्यंतचं भाडं, सामान हलवायचा खर्च, आणि एकरकमी कॉर्पस. सभेत चर्चा फक्त चौरस फुटांची होते.

मुद्रांक: सभासदाच्या नव्या घराच्या करारावर पूर्ण बाजारभावाने शुल्क मागितलं जायचं. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ते मोडून काढलं. जुन्या जागेच्या बदल्यात मिळणारी जागा म्हणजे नवी खरेदी नव्हे, सभासद वरचे फूट पैसे देऊन विकत घेईल तेवढ्यावरच शुल्क. मधल्या काळातलं भाडं: २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटलं की विकसकाने दिलेलं हे भाडं उत्पन्न नव्हे, त्यावर टीडीएस नको. भाडं प्रत्यक्ष भाड्यात न घालता मुलीकडे राहून वाचवलं तर काय, हा प्रश्न पुणेकर लगेच विचारतो. विचारावाच. कॉर्पसचं उत्तर अजून खटल्याखटल्याने मिळतं. करारात ती रक्कम कशापोटी दिली हे नीट लिहून घ्यावं एवढंच मी सांगतो. नवा फ्लॅट फुकट मिळाला म्हणून त्यावर कर, असंही एका अधिकाऱ्याने लावून पाहिलं. मुंबईच्या प्राप्तिकर अपिली न्यायाधिकरणाने २०२५ मध्ये ते नाकारलं.

एवढी लढाई जिंकून सत्तरीतलं जोडपं नव्या इमारतीत येतं. मग मिळकतकराचं बिल येतं. इमारत नवी, आकारणी नवी, दर आजचा. जुन्या इमारतीची चाळीस वर्षांपूर्वीची करपात्र रक्कम पत्र्यांबरोबर गेली. ४० टक्क्यांची सवलतही आपोआप येत नाही, पीटी-३ पुन्हा. मेंटेनन्स महिना ७,५०० च्या वर गेला आणि सोसायटीची वर्षाची जमा २० लाखांच्या वर असली तर त्यावर १८ टक्के जीएसटी. तरणतलावाचा आग्रह धरणारे सभासद त्या वेळी सभेत नसतात. पुनर्विकासाच्या सादरीकरणात एक पान "नंतर दरमहा किती" याचं असायला हवं. मी पाहिलेल्या सादरीकरणांत ते नव्हतं. सूर्योदयाचं चित्र मात्र होतं.

*

"चोपन्नमध्ये टाकू." म्हणजे प्राप्तिकराच्या कलम ५४ मध्ये, नफ्यावर कर लागू नये म्हणून. घर विकलं, नफ्यात दुसरं घर घेतलं: एक वर्ष आधी किंवा दोन वर्षं नंतर, बांधायचं तर तीन वर्षांत. २०२३-२४ पासून १० कोटींची मर्यादा. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू, कलमांचे आकडे बदलले; माणसं अजून बरीच वर्षं चोपन्नच म्हणतील.

तीन वर्षांचं गणित बिल्डरच्या हातात असतं. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प उघडून (पुणे जिल्ह्यातल्या जुन्या प्रकल्पांचे क्रमांक पी ५२१ ने सुरू होतात) पूर्णत्वाची जाहीर तारीख आणि ती किती वेळा पुढे ढकलली हे पाहिल्याशिवाय चोपन्नचे पैसे बांधकामात घालू नयेत.

प्लॉट विकणाऱ्याला चोपन्न लागत नाही, चोपन्न एफ लागतं, आणि ज्याच्याकडे आधीच एकाहून जास्त घरं आहेत त्याला ते मिळत नाही. म्हणजे नेमका गुंतवणूकदार बाहेर. त्याच्यासाठी राहतात ते बाँड: सहा महिन्यांच्या आत, ५० लाखांपर्यंत, पाच वर्षं अडकलेले. व्याज फार नाही, आणि त्यावरही कर. तरी लोक रडतखडत घेतात.

*

शेतजमीन. ग्रामीण शेतजमीन विकली तर नफ्यावर कर नाही, कारण ती भांडवली मालमत्ताच नाही. ग्रामीण म्हणजे काय? दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या महापालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत ८ किलोमीटरच्या पलीकडे. तळेगाव दाभाड्यासारख्या नगरपरिषदेपासून २.

पुण्याची हद्द २०१७ मध्ये ११ गावांनी सरकली, २०२१ मध्ये २३ गावांनी. हद्दीबरोबर ते ८ किलोमीटरही सरकले. वाघोली शहरात आली तेव्हा वाघोलीकरांनी पाणी आणि रस्ते मागितले. पण तिच्या पुढच्या गावांतल्या शेतकऱ्याच्या बांधावर कराची रेघ येऊन पडली, आणि त्याला कोणी कळवलं नाही. ज्वारी तीच, विहीर तीच. सौदा होतो, पैसे बँकेत येतात, वर्षाने नोटीस. मग गूगलच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजणं सुरू होतं: गावच्या वेशीपासून की गटाच्या बांधापासून, इथून तिथून.

सरकारने २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतली तर मोबदल्यावर प्राप्तिकर नाही. त्याच गावात रिंगरोडच्या नावाने आधीच येऊन गेलेल्या गुंतवणूकदाराला विकली तर आहे.

*

समाविष्ट गावांतला फ्लॅट स्वस्त म्हणून घेणाऱ्यांसाठी. ग्रामपंचायतीचा कर किरकोळ असायचा. पालिकेत आल्यावर कर टप्प्याटप्प्याने, दरवर्षी २० टक्क्यांनी, पाचव्या वर्षी पूर्ण. गावांनी ओरड केली: सुविधा ग्रामपंचायतीच्या, बिल डेक्कनचं. फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०२४ मध्ये बाहेर पडून वेगळी नगरपरिषद झाली. उरलेल्या ३२ गावांत सरकारने वसुलीला चाप लावला. थांबवली, माफ केली नाही.

रिसेलला घेताना विक्रेत्याला शेवटचं बिल मागावं, थकबाकीसकट, कारण थकबाकी मिळकतीवर बसते, माणसावर नाही. दलालाला विचारलं की तो खांदे उडवून सांगतो, "साहेब, इकडे टॅक्स कोणी भरतच नाही." त्याला म्हणावं, मग विक्रेत्याकडून बिलाइतकी रक्कम कापून घेऊ, त्याला काय हरकत? हरकत असते.